डाव्या हाताची मश्क

सातवीत शिकणाऱ्या आमच्या मुलीने घटक चाचणीचे पेपर सहीसाठी पुढे ठेवले, तो शनिवार होता. गणितात वीसपैकी अकरा गुण. सोडवलेली उदाहरणे सगळी बरोबर, शेवटची तीन कोरी. वर लाल शाईत शेरा होता, ‘वेग वाढवा, अक्षर सुधारा.’ मराठीच्या पेपरात निबंध अर्ध्या वाक्यावर तुटलेला, आणि तिथेही तोच शेरा. असे शेरे आम्ही स्वतः दर वर्षी शेकडो वह्यांवर लिहितो. आपल्याच घरात येऊन पडल्यावर त्याचे वजन कळले.

आम्ही म्हणजे मुलीचे अम्मी-अब्बू. दोघेही पेशाने शिक्षक. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, आमचे हे गणित. उर्दूच्या सवयीने एकटे असलो तरी तोंडात ‘हम’च येते. त्यामुळे या लेखातही आम्ही ‘आम्ही’च राहू. वाचकांनी माफ करावे.

त्या रात्री मुलीला खूप बोललो. दोन शिक्षकांची मुलगी आणि पेपर अपूर्ण, लोक काय म्हणतील, वगैरे. ती गप्प ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी रविवारी आपाकडे जायचे आधीच ठरलेले होते. मनात नव्हते, पण ते जाणे दोन वर्षे टळत आले होते. आता आणखी टाळणे शक्य नव्हते.

आपा आमची बी.एड.ची मैत्रीण. वयाने वर्षाने मोठी, म्हणून आपा. कॉलेजात आम्ही पाठाच्या टाचणावर कसेबसे दोन तक्ते काढायचो, तेव्हा तिच्या तक्त्यांपुढे प्राध्यापक थांबून राहायचे. ती कातिबाची मुलगी. नस्तालीक तिच्या हातात लहानपणापासून. आमच्या निकाहची दावतपत्रिकाही तिने आपल्या हाताने लिहून दिली होती. ती एक प्रत चौकटीत घालून आमच्या बैठकीत लावलेली आहे. पाहुणे आजही आधी ती पत्रिका पाहतात आणि मग आम्हाला. दोन वर्षांपूर्वी आपा स्कूटीवरून पडली. उजव्या मनगटाचे हाड मोडले, नसेलाही मार लागला. आम्ही फोन केले, दुआ केल्या, ‘येतो येतो’ म्हणत राहिलो. शाळा, जनगणना, निवडणुकीची कामे, परीक्षा, अशी कारणे शिक्षकाजवळ नेहमी तयार असतात.

औरंगाबादेतून निघालो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. छावणी, पडेगाव, मिटमिटा मागे पडले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शेते सुरू झाली. पाऊस थांबून पंधरा दिवस झाले असतील. आकाश धुऊन वाळत घातल्यासारखे निळे होते. दसऱ्यासाठी लावलेल्या झेंडूची शेते पिवळी आणि केशरी झाली होती. कापसाची बोंडे फुटू लागली होती. बांधावरचे गवत अजून हिरवे, पण वरची तुरे सोनेरी झालेली. दौलताबादच्या किल्ल्याचा काळा डोंगर त्या हिरव्या रंगात पायापर्यंत बुडालेला आणि त्याच्याजवळ चाँद मिनार उन्हात उभा.

उर्दू शायरीत शरद म्हणजे खिजाँ. पिवळी पाने, उजाड बाग, विरह. वर्गात आम्ही हा शब्द शिकवतो तेव्हा मुले विचारतात, “टीचर, आपल्याकडे खिजाँ कधी येते?” त्या मुलांचे बरोबर आहे. इराण आणि काश्मीरच्या बागांतला तो ऋतू दख्खनेत तसा येत नाही. आपल्याकडे पाऊस संपला की रंग सुरू होतात, आणि पाने गळायची ती पुढे शिशिरात.

किल्ल्याजवळ सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. एक पाटी घेतली. फोडलेल्या फळाचा पांढरा गर हातात घेऊन मुलगी पहिल्यांदा हसली. पुढे दिल्ली दरवाज्यात गाड्यांची नेहमीची कोंडी. एका वेळी एकच मोठी गाडी निघेल एवढीच ती कमान. तिथून वर चढले की कागजीपुरा येतो. तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. त्या लोंढ्याबरोबर कागद बनवणारे कारागीर आले आणि इथे वसले असे गावातले जुने लोक सांगतात. कागद बनवणारे ते कागजी. आजही इथे हातकागद बनतो. सुती चिंध्या कुटून, भिजवून त्यांचा लगदा करायचा, हौदात सोडायचा, चौकटीच्या जाळीवर एकसारखा उचलायचा, दाबून पाणी काढायचे आणि वाळवायचे. आपाचे घर इथून जवळ, खुलताबादच्या वाटेवर. अपघातानंतर तिने शहरातले घर सोडून वडिलांच्या या जुन्या घरी राहायला सुरुवात केली होती.

दार उघडेच होते. सलाम करून आत गेलो आणि अंगणात थबकलो.

अंगणात दोरीवर कागद वाळत होते. कपडे वाळत घालतात तसे, चिमटे लावून, ओळीने. एक ओळ झेंडूच्या पाकळ्यांच्या पाण्यात बुडवलेली, हळदीपेक्षा थोडी मवाळ पिवळी. दुसरी ओळ चहाच्या पाण्यातली, जुन्या किताबाच्या पानांसारखी. तिसरी डाळिंबाच्या सालीची, चौथी काताची तांबूस. वाऱ्याची झुळूक आली की चारही ओळी एकदम हलायच्या. खाली डाळिंबाचे झाड, कोपऱ्यात शेवंतीच्या कुंड्या, भिंतीवर गोकर्णीचा निळा वेल. मुलगी दोन कागदांच्या मधून वाकून पलीकडे गेली, पुन्हा अलीकडे आली. तिला दुसरे काही नको होते.

“या दूल्हेभाई, अखेर रस्ता सापडला म्हणायचा,” आपा ओट्यावरून म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा होता पण राग नव्हता. आम्ही काही सफाई देणार तोच तिने हात वर करून थांबवले. “नक्को. आलात ना, बस.”

तिचा उजवा हात तेव्हा पाहिला. पंजा बारीक झाला होता. अंगठा आणि पहिले बोट एकमेकांजवळ येत होते, पण मिटत नव्हते. कलम धरायला लागते ती पकड नेमकी हीच.

ओट्यावर तिची बैठक होती. उतरते लाकडी मेज, दौतीत शाई, बोरूंचा जुडगा, कलम कापायचा चाकू, घोटायचा अकीकचा दगड. दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक खलून शाई घरीच करायची ही तिच्या अब्बांची पद्धत. दौतीत रेशमाचे धागे टाकलेले असतात, म्हणजे कलम बुडवले तरी शाई जास्त येत नाही. आमच्या मुलीने विचारले, “खाला, हे रंगीत कागद तुम्ही विकता?”

“विकते, आणि काही माझ्या मश्कसाठी ठेवते.”

मश्क म्हणजे सराव. एकच अक्षर शंभर वेळा. आम्हाला वाटले, ती इतर कुणाला शिकवत असेल. मेजावरचा गठ्ठा आपाने पुढे केला. वरच्या कागदावर अलिफ होते. ओळीने अलिफ. पण कसे? कुणी पुढे झुकलेले, कुणी मधेच पोट सुटलेले, कुणी अर्ध्यात शाई संपून फाटलेले. ‘बे’ची नाव एका बाजूने बुडालेली. पहिलीच्या मुलाने काढावे तसे. आमचे हे सहज बोलून गेले, “माशाअल्लाह, शेजारची लहान मुले येतात वाटते शिकायला?”

“नाही भाई, हे माझे आहे,” आपा म्हणाली. “डाव्या हाताचे. दीड वर्ष झाले.”

आम्ही दोघे काय बोलावे ते न कळून गप्प झालो. ज्या हाताने आमच्या निकाहची पत्रिका लिहिली, ज्या हाताच्या अक्षरासाठी कबरीवरच्या कत्ब्यांपासून मशिदीच्या कमानीपर्यंत लोक येत, त्या बाईचे हे अलिफ. आपाने मात्र ते लपवले नाहीत. तारीखवार लावून ठेवले होते. सर्वांत खालचा कागद काढून दाखवला. त्यावर तर अक्षर ओळखूही येत नव्हते. “हे पहिल्या दिवशीचे. रडले होते त्या दिवशी. शेहेचाळीस वर्षांची बाई, अलिफ निघत नाही म्हणून रडत होती.”

जेवणाला तिने खलिया केला होता. नान आम्ही शहरातून नेली होती. नान-खलिया तुघलकाच्या लष्कराबरोबर दख्खनेत आला असे औरंगाबादेत सांगतात. खरेखोटे काहीही असो, आमच्याकडच्या दावतीला त्याच्याशिवाय पूर्तता नाही. जोहरची नमाज झाली आणि दस्तरख्वान अंथरला. आपाने एक चमचा घेतला. त्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केलेला होता. तो उजव्या हातात अडकवून ती सावकाश जेवत होती. नान तिची भाची तोडून देत होती.

“आपा, डाव्या हाताने जेवलीस तरी मजबुरी आहे, गुनाह नाही,” आम्ही म्हटले.

“मला माहीत आहे गे. पण उजव्या हाताला एवढे जमते, तर त्याच्याकडून ते का काढून घेऊ? खाण्यापिण्याचा अदब उजव्या हाताचा, तो जमेल तसा पाळते. कलमाचे इमामसाहेबांना विचारले होते. डाव्या हाताने आयत लिहिली तर बेअदबी होईल का, म्हटले. ते म्हणाले, बी, पाकी ठेवा, नीयत साफ ठेवा, आणि ज्या हातात अल्लाहने ताकद ठेवली आहे त्या हाताने लिहा.”

जेवण झाल्यावर तिने अब्बांची गोष्ट काढली. मुलगी मांडी घालून ऐकत होती. आपाचे अब्बा एका उर्दू दैनिकात कातिब होते. त्या काळी उर्दू वर्तमानपत्र टाइपाने छापले जात नसे, सबंध पान हाताने लिहावे लागे. संध्याकाळी बातम्या यायच्या, रात्रभर कातिब लिहायचे, पहाटे छपाई. जाहिरातीपासून मृत्यूच्या बातमीपर्यंत सगळे एका हाताचे. मग १९८१ साली नूरी नस्तालीक आला. तो पाकिस्तानच्या मिर्झा अहमद जमील यांनी तयार केला. अक्षरे जोडून होणाऱ्या हजारो आकृती त्यांनी आधी हाताने लिहिल्या आणि मग त्या यंत्रात गेल्या. १९९४ च्या सुमारास आपल्याकडे इनपेज आले आणि पाचसात वर्षांत कातिबांच्या चटया उचलल्या गेल्या.

“अब्बा एका दिवसात बेकार झाले,” आपा म्हणाली. “पण संगणकाचा पहिला अंक घरी आणला तेव्हा भिंगातून बघत म्हणाले, ‘हा हात चांगला आहे.’ मी म्हटले, अब्बा, हे मशीनने लिहिले आहे. ते म्हणाले, मशीनला हात कुठून आला? कुणीतरी आधी लिहिलेच असेल ना.”

पुढे अब्बा लग्नपत्रिका आणि कत्बे लिहू लागले. मुलीला समोर बसवून नुकते काढायला शिकवू लागले. कलमाच्या टोकाची जेवढी रुंदी, तेवढा एक नुकता. नस्तालीकमध्ये अलिफची उंची तीन नुकते. सगळी अक्षरे अशी नुकत्यांनी मोजायची. पट्टी लागत नाही. कलमच माप.

“बघ, तू काढ एक,” आपाने मुलीसमोर कागद सरकवला. चहाच्या रंगाचा, घोटून काचेसारखा गुळगुळीत केलेला. “बिस्मिल्लाह म्हण आणि एक नुकता ठेव.”

मुलीने उजव्या हातात कलम घेतले. आमच्याकडे एकदा पाहिले. नुकता फिसकटला. दुसराही तसाच. हात थरथरत होता, खांदा कानापर्यंत चढला होता. आपा तिच्या हाताकडे बघत नव्हती, खांद्याकडे बघत होती. मग तिने मेजावर ठेवलेल्या मुलीच्या डाव्या हाताकडे पाहिले. त्यावर मागच्या ईदची नव्हे, चार दिवसांपूर्वी शेजारच्या लग्नाची मेंदी होती.

“मेंदी कोणी काढली?”

“डाव्या हातावर बाजूच्या दीदीने,” मुलगी म्हणाली. “उजव्या हातावर मीच.”

आपाने तिचा उजवा हात उलटून पाहिला. कैरी, वेल, जाळी, बारीक ठिपके. एकही रेघ चुकलेली नव्हती. “म्हणजे कोन डाव्या हातात धरतेस?”

मुलगी गप्प. आमचा चेहरा उतरलेला आपाला दिसला असणार. तिने आम्हाला काही विचारले नाही. चाकू घेतला, मांडीवर लाकडी पट्टी ठेवली, उजव्या मनगटाने बोरू दाबून धरला आणि डाव्या हाताने सावकाश क़त दिला. “माझ्यासाठी हा क़त उलटा द्यावा लागतो. नेहमीचा तिरकेपणा डाव्या हाताला चालत नाही. चार महिने प्रयोग केले. कागदही थोडा फिरवून घ्यायचा, असा. घे.”

मुलीने कलम डाव्या हातात घेतले. शाईत बुडवले, दौतीच्या काठावर टिपले, आणि कागदावर ठेवले. नुकता पडला, चारही कोपरे साफ. मग दुसरा, मग तिसरा, एकाखाली एक. मग त्या तीन नुकत्यांच्या शेजारी तिने अलिफ काढला. तो काही उस्तादाचा अलिफ नव्हता. पण उभा होता. तिचा खांदा खाली आलेला होता.

“या अल्लाह!” आपा हसू लागली. “माझी दीड वर्षाची मश्क हिने पाच मिनिटांत मागे टाकली. बेटी, तुझा हात तर अल्लाहने तयार करूनच पाठवला आहे. मग शाळेत उजव्याने का लिहितेस?”

तेव्हा आम्हाला सांगावे लागले.

मुलगी पहिलीत होती. शाळेतून निरोप आला, मुलगी डाव्या हाताने लिहिते, बाकावर शेजारणीला कोपर लागतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले, डाव्या हातात बरकत नसते, आताच मोडा. आम्ही रोज संध्याकाळी अर्धा तास तिचा डावा हात रुमालाने खुर्चीला बांधत असू आणि उजव्या हातात पेन्सिल देत असू. मारले कधी नाही. खेळ आहे, असे म्हणत होतो. तीन महिन्यांत ती उजव्या हाताने लिहू लागली आणि आम्ही ते शाळेत अभिमानाने सांगितले. त्यानंतर तिचे अक्षर कधी सुधारले नाही, पेपर कधी पुरा झाला नाही, आणि या दोन गोष्टींचा संबंध आम्ही कधी लावला नाही. मेंदीच्या कोनाचे कौतुक मात्र प्रत्येक ईदला केले.

यातली सर्वांत शरमेची गोष्ट वेगळीच आहे. बी.एड.च्या मानसशास्त्रात डावखुऱ्या मुलावर हात बदलण्याची सक्ती करू नये, हे आम्ही शिकलो होतो. परीक्षेत त्यावर लिहिलेही होते. दहा मुलांत साधारण एक मूल डावखुरे असते, आमच्या वर्गात चार-पाच असतात. इतरांच्या मुलांना आम्ही कधी टोकले नाही. शिकलेले सगळे आपल्या घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवून आलो होतो.

आपा बराच वेळ बोलली नाही. मग तिने त्या वाकड्या अलिफांचा गठ्ठा उचलून आमच्या हातात दिला. “हे बघ. मी कातिबाची मुलगी. अक्षर कसे असते ते डोळ्यांना पाठ आहे. समजूतदार आहे, कुणी रागावत नाही, कुणी घड्याळ लावत नाही. तरी दुसऱ्या हाताने लिहिताना मला हे होते. डोक्यात वाक्य तयार असते आणि हात मागे राहतो. मग वाक्यही पळून जाते. मला तर मजबुरी होती. हिला काय मजबुरी होती?”

आमच्या ह्यांनी पेपरची घडी खिशातून काढली. ती त्यांनी बरोबर का आणली होती कोण जाणे. उघडून पुन्हा पाहिली. सोडवलेले सगळे बरोबर, शेवटची तीन कोरी.

आम्ही मुलीकडे वळलो. वर्गात रोज बोलणारे आम्ही, शब्द सापडेना. एवढेच म्हणालो, “बेटा, आमचे चुकले. तुझा हात बांधला ते चुकले.”

ती कलमाचे टोक फडक्याला पुसत होती. वर न बघता म्हणाली, “त्या रुमालावर निळी फुले होती. मला वाटले, तुम्ही विसरून गेलात.”

आम्ही खरेच विसरलो होतो. रुमालाचा रंग आम्हाला आजही आठवत नाही.

असरपर्यंत दोघी मेजावर होत्या, एकीकडे खाला, दुसरीकडे भाची म्हणावी अशी मुलगी. दोघी डाव्या हाताने. आपा सांगत होती, “मराठी लिहिताना तुझा हात ओल्या शाईवरून जाईल, म्हणून वहीचा कोपरा असा वर घे आणि हात ओळीच्या खाली ठेव. उर्दूत उलटे. तिथे उजव्या हाताचे लोक शाई पुसत जातात, आपण मोकळे!” मुलगी खो खो हसली. भिंतीवर आपाचे जुने काम लावलेले होते, उजव्या हाताच्या काळातले. सूरह बकराची शेवटची आयत. आपल्यापैकी अनेकांना ती तोंडपाठ असते, झेपेल तेवढेच ओझे देण्याचा दिलासा तिच्यात आहे. कित्येक वर्षे मुलांना सबक देताना आम्ही ती वाचली होती. त्या दिवशी भिंतीवरून ती पुन्हा वाचली.

निघताना आपाने झेंडूच्या रंगातले दहा कागद आणि डाव्या क़तचे दोन बोरू मुलीला दिले. एक अटही घातली. “दर जुम्म्याला एक पान मश्क. तू तुझे मला पाठव, मी माझे तुला. तू माझे तपासायचे.”

परतीच्या रस्त्यावर ऊन उतरले होते. गवताची तुरे तांबूस दिसत होती. मुलगी मागच्या सीटवर सीताफळ खात होती, उजव्या हाताने. डावा हात मांडीवर पालथा, बोटांना शाई लागलेली. आम्ही पुढे दोघे फारसे बोललो नाही.

सोमवारी वर्गशिक्षिकेला चिठ्ठी दिली, मुलगी आजपासून डाव्या हाताने लिहील, तिला बाकावर डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे कोपर कुणाला लागणार नाही. सहा वर्षांपूर्वी एवढेच करायचे होते. पहिल्या महिन्यात अक्षर आधीपेक्षा वाईट झाले. उजव्या हाताची सवयही एका दिवसात जात नाही. तिला दोन्ही हातांत गोंधळायला व्हायचे, एकदा वही भिरकावूनही दिली. आम्ही वही उचलून ठेवली आणि काही बोललो नाही. सहामाहीत गणिताचे एकच उदाहरण सुटले. हा काही चमत्कार नाही, आणि आम्ही सगळे भरून काढले असेही नाही. जी सहा वर्षे गेली ती तिची गेली. हे लिहिण्याचे कारण एवढेच की कुणाच्या घरी असा रुमाल आज बांधला जात असेल, तर तो आज संध्याकाळी सोडावा.

जुम्म्याची पाने मात्र चालू आहेत. फोनवर फोटो येतो, फोटो जातो. गेल्या जुम्म्याला आपाचे पान आले, त्यातले सहा अलिफ सरळ उभे होते. मुलीने ते छापून घेतले, लाल पेनने सहाही अलिफांना बरोबरची खूण केली आणि खाली शेरा लिहिला. आम्ही मागून वाचला. ‘अक्षर छान. वेग वाढवण्याची गरज नाही.’